मसल कारचे लिलाव: रिस्टोअर केलेल्या गाड्यांचे चढते भाव आणि चालवणारे आपण

वुडवर्डकर

दर जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमीला मेकम या लिलावगृहाचा आणि अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनचा लिलाव होतो. हजारो गाड्या असतात, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असतं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डेट्रॉईटकडच्या ऑफिसात एकच विषय: अमुक कॅमारो एवढ्याला गेली, तमुक कुडा तेवढ्याला. या गप्पांचा सूर गेल्या काही वर्षांत बदललाय. पूर्वी 'एक दिवस आपणही घेऊ' असा असायचा. आता नुसते आकडे सांगितले जातात आणि माणसं जागेवर परततात. याच बदलाबद्दल बोलायचं म्हणून हा धागा.

ज्यांना मसल कार म्हणजे नेमकं काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मध्यम आकाराची, साधी, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागात जॉन डिलोरियन हा इंजिनिअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेंपेस्ट ल मान्समध्ये ३८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि जीटीओ तयार झाली. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. म्हणून त्यांनी वेगळं मॉडेल न काढता ते 'ऑप्शन' म्हणून विकलं. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर खपल्या. घेणारे बहुतेक तरुण, पगारदार, हप्त्यावर घेणारे. ही गाडी त्यांच्याचसाठी बनली होती, आणि या चर्चेत मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पुढे सहा-सात वर्षांत सगळं आटोपलं. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० मध्ये क्लीन एअर अ‍ॅक्ट आला, १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीनंतर एवढं पेट्रोल पिणारी गाडी दारात नको असं लोकांना झालं. मग या गाड्या मिळेल त्या किमतीला निघाल्या. 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६ हजार डॉलरला घेतली. घरातली बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जायची. तीच गाडी जानेवारी २०२० मध्ये किसिमीला, दलाली धरून, ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. आपल्या रुपयांत तीस कोटींच्या वर.

ती एकटीच नाही. १९६७ साली अवघ्या २० बनलेल्या, एल८८ इंजिनाच्या कॉर्व्हेटपैकी एक २०१४ मध्ये स्कॉट्सडेलला साडेअडतीस लाख डॉलरला गेली. त्याच वर्षी सिअ‍ॅटलला १९७१ ची क्रायस्लरच्या प्लिमथ ब्रँडची हेमी कुडा कन्व्हर्टिबल, चार गिअरची, ३५ लाखांवर थांबली. १९६५ ची शेल्बी जीटी३५०आर, जी केन माइल्सने शर्यतीत पळवली होती, २०२० मध्ये साडेअडतीस लाखांना.

भाव वाढले म्हणून गाड्या वाचल्या, हे मी मनापासून मान्य करतो. ८० च्या दशकात कित्येक चांगल्या बॉड्या भंगारात गेल्या, कारण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. पण आता ज्या वाचल्या त्यातल्या सर्वोत्तम गाड्या तापमान राखलेल्या गोदामांत उभ्या आहेत. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ होते, १९९५ पासून चालू आहे. तिथे अजूनही चेव्हेल, चार्जर, जीटीओ ढिगाने दिसतात. पण खरी हेमी, एलएस६ इंजिनाची खरी चेव्हेल रस्त्यावर पळताना दिसणं दुर्मिळ होत चाललंय. दिसलीच तर ट्रेलरवरून येते, दोरी बांधून उभी राहते आणि ट्रेलरवरूनच परत जाते. माझ्या मते भाव असेच चढत राहिले तर यांत्रिक वस्तू म्हणून या गाड्या मरतील. तुम्हाला काय वाटतं?

मृण्मयी

वाचतेय. छान धागा. मला गाड्यांतलं फार कळत नाही, म्हणून एक प्रश्न: हे 'हेमी' काय आहे? आणि एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन गाड्यांत, एक ५० हजार डॉलरला आणि दुसरी ३५ लाखांना, एवढा फरक कसा पडतो?

हेमी४२६

मृण्मयीताई, माझ्या नावाचाच प्रश्न विचारलात, तेव्हा उत्तर मीच देतो.

हेमी म्हणजे अर्धगोल. क्रायस्लरच्या या इंजिनात सिलिंडरच्या डोक्यावरची ज्वलनाची पोकळी अर्धगोलाकार असते. त्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसतात, समोरासमोर तिरके बसतात, आणि हवा आत-बाहेर जायला मोकळी वाट मिळते. ४२६ घनइंच, म्हणजे सात लिटर. १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत ते पहिल्यांदा आलं आणि पहिले तिन्ही नंबर घेऊन गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांत ते १९६६ ते १९७१ एवढंच मिळालं. कागदावर ४२५ अश्वशक्ती लिहायचे, प्रत्यक्षात जास्त होती हे चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. या इंजिनाचे जादा पैसे त्या काळात सामान्य माणसाला परवडणारे नव्हते, म्हणून फार थोड्यांनी घेतलं. १९७१ च्या कुडा कन्व्हर्टिबलमध्ये हेमी असलेल्या अवघ्या ११ बनल्या. तीच बॉडी, तोच रंग, पण आत ३१८ किंवा ३४० चं इंजिन असेल तर किंमत जमिनीवर येते. फरक इथे आहे.

आता वुडवर्डकर, तुमच्याशी थोडा वाद घालायचाय.

लिलावात रिस्टोअर केलेली गाडी दीड-दोन लाखांना गेली की लोक म्हणतात, चैन आहे, पैशाचा माज आहे. मी गेली बरीच वर्षं शनिवार-रविवार एका रिस्टोरेशनच्या गॅरेजात काम करतो, आवड म्हणून. तिथे काय होतं ते ऐका. गाडी पूर्ण सुटी करायची. काचा, आसनं, वायरिंग, सगळं. उघडी बॉडी पुढून-मागून एका फिरत्या चौकटीवर लावायची, म्हणजे ती उलटीपालटी करून तळाचं काम उभ्याने करता येतं. मग जुना रंग आणि जुनी लांबी (पत्र्यातले खड्डे भरायचं पुटिंग) बारीक कणांच्या माऱ्याने उडवायची. रंग असेपर्यंत गाडी सुंदर दिसते. तो उडाला की मागच्या चाकावरचा पत्रा अर्धा लांबीचाच निघतो, डिकीच्या तळाला हात आरपार जातो, आणि तळाच्या पत्र्यावर कोणीतरी पत्र्यावर पत्रा ठोकून वरून डांबर फासलेलं असतं. ते सगळं कापून नवीन पत्रा जोडायचा. दार, बॉनेट, फेंडर यांच्या फटी एकसारख्या करण्यात आठवडे जातात. क्रोमचं काम बाहेर द्यावं लागतं आणि ते दिवसेंदिवस महाग होतंय, कारण रसायनांच्या नियमांमुळे क्रोमवाले कमी उरलेत. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल वेगळे.

एक पूर्ण गाडी म्हणजे हजार तास सहज, जास्तही. चांगल्या कारागिराचा तास १०० डॉलरच्या खाली मिळत नाही. म्हणजे नुसती मजुरी एक लाख. त्यावर सुटे भाग, रंग आणि मूळ गाडीची किंमत. दीड लाखाला गेलेल्या अनेक गाड्यांत विकणाऱ्याने पैसे घालवलेले असतात, कमावलेले नाहीत. चढत्या भावांमुळेच ही कारागिरी टिकली आहे. आमच्याकडे पंचविशीतली दोन मुलं पत्राकाम शिकतायत. भाव पडले तर उद्या ती दुसरीकडे जातील, आणि शिशाने जोड भरणारा, हाताने पत्रा ठोकून आकार देणारा माणूस शोधूनही मिळणार नाही.

मृण्मयी

बापरे, लांबी हा शब्द इथे भेटेल असं वाटलं नव्हतं! आमच्या स्वारगेटच्या गॅरेजवाल्याच्या तोंडी असतो. धन्यवाद, आता नीट समजलं.

आकडेमोड

+१ हेमी४२६. मजुरीचा हिशेब अगदी बरोबर.

पण 'चढते भाव' हा शब्दप्रयोग मला पूर्ण पटत नाही. लिलावगृहांच्या बातम्यांत विक्रम छापून येतात. जे पडले ते येत नाहीत. तीन उदाहरणं देतो.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बीची स्वतःची कोब्रा ४२७ सुपर स्नेक २००७ मध्ये ५५ लाख डॉलरला गेली. तीच गाडी २०२१ मध्ये पुन्हा त्याच लिलावगृहात आली आणि पुन्हा ५५ लाखांनाच गेली. चौदा वर्षांची महागाई, विमा, साठवणूक आणि विक्रीचा खर्च धरला तर मधल्या मालकाने तोटा घेतला. (कोब्रा ही काटेकोरपणे मसल कार नव्हे, ठाऊक आहे. पण ग्राहक तेच.)

२०२१ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल मंचावर आली. बोली ४८ लाखांपर्यंत चढली आणि गाडी विकली गेली नाही, कारण मालकाने ठरवलेली किमान किंमत त्याहून वर होती. बघणाऱ्यांच्या डोक्यात मात्र 'कुडा ४८ लाख' हा आकडा राहतो.

तिसरं म्हणजे २००८. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत घर गहाण ठेवून चेव्हेल घेणारे लोक होते. मंदी आली आणि मसल कारचे भाव असे कोसळले की अनेकांना वर यायला कित्येक वर्षं लागली. कोविडच्या काळात पुन्हा उसळी आली, २०२२ नंतर बाजार पुन्हा थंडावला. विक्रमी गाड्या वेगळ्या. मधल्या फळीतल्या गाड्यांचा आलेख वर-खाली आहे.

आणखी एक, टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी: हातोडा पडतो तो आकडा आणि घेणाऱ्याने भरलेला आकडा एक नसतो. या मोठ्या लिलावांत घेणाऱ्याकडून साधारण दहा टक्के दलाली वर घेतात, शिवाय विकणाऱ्याकडूनही घेतात. बातमीत कधी हा आकडा येतो, कधी तो. तुलना करताना दोन्ही सारखे धरा. बॅरेट-जॅक्सनला बहुतेक गाड्या 'नो रिझर्व्ह' असतात, म्हणजे जी शेवटची बोली त्याला गाडी जाणारच. मेकमला बऱ्याच गाड्यांना किमान किंमत असते. त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

वुडवर्डकर

आकडेमोड, उत्तम प्रतिसाद. २००८ चा मुद्दा मी घ्यायला हवा होता असं आता वाटतंय, कारण तो माझ्याच बाजूने जातो. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला गाडी चालवायची भीती वाटते. हजार मैल चालली की 'लो मायलेज' गेलं, दगड उडाला की रंग गेला.

हेमी४२६, कारागिरीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. माझी तक्रार वेगळी आहे. हॅमट्रॅमकच्या कारखान्यातून कुडा बाहेर पडायची तेव्हा तिच्या दारांच्या फटी वेड्यावाकड्या असायच्या, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत असायचा, खाली रंगाचे ओघळ असायचे. आज त्याच गाडीला आरशासारखा क्लिअरकोट मारतात. जनरल मोटर्स त्या काळी अ‍ॅक्रिलिक लॅकर वापरायची, फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल. त्या रंगांची चमकच वेगळी होती. म्हणजे आपण एक लाख मजुरी देऊन जी वस्तू बनवतो ती १९७० मध्ये कधी अस्तित्वातच नव्हती. आणि मग ती इतकी नाजूक होते की चालवता येत नाही.

हेमी४२६

याबाबत तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण बाजार बदलतोय. आता जाणकार लोक कारखान्यातले ओघळसुद्धा मुद्दाम तसेच करवून घेतात. तपासनिसाने खडूने केलेल्या खुणा, चेसिसवरचे रंगाचे ठिपके, बोल्टचा मूळ रंग, सगळं तसंच. बक्षिसाच्या स्पर्धांत परीक्षक त्याचेच गुण देतात. शिवाय ज्या गाडीला कधीच हात लागलेला नाही, मूळ रंग, मूळ आसनं, अशी 'सर्व्हायव्हर' गाडी आता तशाच रिस्टोअर केलेल्या गाडीपेक्षा अनेकदा जास्त भाव घेते. तुम्ही सांगितलेली बुलिट मस्टँग हेच उदाहरण. गंजलेली, रंग उडालेली, २०१८ च्या डेट्रॉईट प्रदर्शनात होती तशीच आणून ठेवली, आणि लिलावातही तशीच नेली. त्या कुटुंबाने ती रिस्टोअर केली असती तर तिचा निम्मा इतिहास पुसला असता. स्वतः मॅक्वीनने १९७७ मध्ये ती परत विकत मागितली होती, त्यांनी दिली नाही.

ऊर्मिला_ओहायो

मी या विषयात कागदपत्रांच्या बाजूने आले. एका ओळखीच्यांसाठी गाडी बघायला गेले आणि मग त्यातच अडकले. इथे अजून कोणी नकली गाड्यांबद्दल बोललं नाही म्हणून सविस्तर लिहिते, कारण भाव चढले की नक्कल वाढते आणि फटका सामान्य घेणाऱ्याला बसतो.

'नंबर मॅचिंग' म्हणजे गाडीच्या चेसिस नंबरचा तुकडा इंजिन ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर कोरलेला असतो आणि तो जुळतो. १९६८ पासून हे सगळीकडे आहे. पण ब्लॉक घासून नवे आकडे ठोकणं अवघड नाही. शेव्हरलेच्या ब्लॉकवर समोर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते. कारखान्यात ती जागा छिलताना त्यावर बारीक समांतर रेषा उमटायच्या. ब्लॉक नंतर घासला असेल तर त्या रेषा जातात. जाणकार माणूस भिंग घेऊन आकड्यांच्या आधी त्या रेषा बघतो. त्यानंतर ब्लॉकच्या ओतकामाची तारीख: गाडी बनण्याच्या आधीची हवी, आणि फार आधीचीही नको.

प्रत्येक कंपनीची कथा वेगळी. क्रायस्लरच्या गाड्यांत चेसिस नंबरातच इंजिनाचं अक्षर आहे. कुडा कन्व्हर्टिबलचा नंबर बीएस२७ ने सुरू होतो, आणि पाचव्या जागी आर असेल तर हेमी. त्यामुळे तिथे खोटेपणा करायला गाडीची ओळखच बदलावी लागते. तो गुन्हा आहे. फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी या कंपनीकडे आहेत. थोडे पैसे भरले की तुमची मस्टँग कुठल्या इंजिनाची, कुठल्या रंगाची, कुठल्या डीलरकडे गेली ते लेखी येतं. पाँटियाकच्या नोंदीही उपलब्ध आहेत. १९६४-६५ च्या जीटीओला त्या लागतातच, कारण तेव्हा जीटीओ ऑप्शन होती आणि चेसिस नंबरात तिचा मागमूस नाही. १९६६ पासून नंबर २४२ ने सुरू झाला तर जीटीओ.

सगळ्यात धोक्याची शेव्हरले. १९६९ पासून चेव्हेलची एसएस (सुपर स्पोर्ट) ही नुसती ऑप्शन झाली. म्हणजे १९७० च्या एलएस६ चेव्हेलचा, ४५० अश्वशक्तीच्या त्या प्रसिद्ध गाडीचा, चेसिस नंबर आणि आजीबाईंच्या मालिबूचा, म्हणजे साध्या व्ही-८ चेव्हेलचा, चेसिस नंबर यात फरक सापडत नाही. कंपनीकडेही प्रत्येक गाडीच्या नोंदी मिळत नाहीत. उरतो तो बिल्ड शीट, कारखान्यातला कागद, जो कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये तर कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. तो पिवळा पडलेला कागद असला-नसला यावर किंमत दुप्पट-तिप्पट हलते. आणि हो, त्या कागदाच्याही नकला होतात.

साधी मालिबू घेऊन एसएस बनवणं यात वाईट काही नाही, 'ट्रिब्यूट' म्हणून सांगून विकली तर. मालक बदलत जातात तसा तो शब्द जाहिरातीतून गळून पडतो. मी स्वतः पाहिलेली एक गाडी दोन मालकांनंतर 'खरी' झाली होती.

आकडेमोड

ऊर्मिलाताई, प्रतिसाद जपून ठेवतोय. यात भर: १९६७-६९ च्या कॅमारोच्या आणि त्या काळच्या मस्टँगच्या आख्ख्या बॉड्या डायनाकॉर्न नावाची कंपनी परवान्याने नव्या बनवते. काही बेकायदा नाही, पण जुनी ओळख नव्या बॉडीवर चढवून जुनी म्हणून विकली तर आहे. हे तपासून घ्यायला हवं.

सातारकर

मी भारतातून लिहितोय, म्हणून थोडं अवांतर, पण संबंध आहे.

आमच्याकडे मसल कार आल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. अमेरिकन गाड्या मात्र मुंबईत जोडल्या जायच्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ काढल्या. म्हणजे ज्या घराण्यातून पुढे कुडा आणि चार्जर आल्या, त्यांच्या आज्या कुर्ल्यात जोडल्या गेल्या. पण ६० च्या दशकात परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंदच होती, म्हणून तो वंश इथे पुढे सरकला नाही. माझे वडील एका साखर कारखान्याच्या गॅरेजात फिटर होते. त्यांना डॉजचं फ्लॅटहेड सिक्स हे सहा सिलिंडरचं इंजिन डोळे मिटून खोलता यायचं.

वुडवर्डकरांचा 'गाडी चालवायची की ठेवायची' हा प्रश्न इथे कायद्यानेच सोडवलाय. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात, २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षं मुदत. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. इथे पैशाच्या आधी नियमच गाडीला गोदामात ठेवतो. तुमच्याकडे निदान निवड मालकाची आहे, ती सोडू नका.

वुडवर्डकर

सातारकर, फ्लॅटहेड सिक्सबद्दल स्वतंत्र धागा काढाच, वडिलांच्या आठवणींसकट. वाट बघतो.

नवा_चालक

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद. माझं वय २९, डॅलसला असतो. सगळं वाचून एकाच वेळी उत्साह आला आणि पाय गारही पडले.

माझ्या वयाच्या मित्रांना मसल कारचं वेड नाही, त्यांना जपानी गाड्या हव्यात. अमेरिकेत २५ वर्षं जुनी झाली की परदेशी गाडी आणता येते, त्यामुळे १९९९ ची स्कायलाईन आर३४ २०२४ पासून कायदेशीर झाली आणि सगळे तिकडे पळतायत. मला मात्र व्ही-८ चा आवाज हवा आहे. बजेट ३५ हजार डॉलर. लाखोंचे आकडे वाचून वाटलं, आपण फार उशिरा जन्मलो. काही मिळेल का? का नाद सोडू?

हेमी४२६

अजिबात सोडू नका. या धाग्यावरचे मोठे आकडे फार थोड्या गाड्यांचे आहेत. तुमच्या पैशात खूप काही आहे, फक्त बॅज विकत घ्यायचा नाही हे आधी ठरवा. एसएस नको, मालिबू घ्या, ३०७ किंवा ३५० इंजिनाची. हेमी चार्जर नको, ३१८ ची डॉज डार्ट घ्या. हलकी असल्याने पळते चांगली. सगळ्यात सोपी म्हणजे १९६७-६८ ची मस्टँग कूपे, २८९ इंजिनाची. फास्टबॅकच्या मागे लागू नका, छताच्या आकारासाठी लोक दुप्पट मोजतात. मस्टँगचा प्रत्येक स्क्रू आजही नवा मिळतो.

रिस्टोअर करायची म्हणून अर्धवट गाडी घेऊ नका. दुसऱ्याने एक लाख घालून केलेली गाडी साठ हजारांना मिळते, ती तुम्ही स्वतः साठ हजारांत कधीच करू शकणार नाही. तुमच्या बजेटमध्येही हेच गणित: चालू स्थितीतली, रंग थोडा जुना झालेली, पण तळ पक्का असलेली गाडी बघा.

आकडेमोड

विमा 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चा घ्या, म्हणजे गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते, घसारा लावत नाहीत. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत आणि हप्ता साध्या गाडीपेक्षा बहुधा कमीच पडतो. अट एवढीच असते की रोज ऑफिसला न्यायची नाही.

ऊर्मिला_ओहायो

लिलावात घेऊ नका. तिथे गाडी चालवून बघता येत नाही आणि मंचावर ती दोन-तीन मिनिटंच असते. ऑनलाइन लिलावाचं बरं आहे, फोटो शेकड्यांनी असतात आणि खाली जाणकार लोक प्रश्न विचारून विकणाऱ्याला भंडावतात. ते सगळं वाचा. पण पहिली गाडी तरी मालकाच्या दारात जाऊन, दिवसाउजेडी, इंजिन थंड असताना बघा. मालकाला आधीच फोनवर सांगा की गरम करून ठेवू नका.

नवा_चालक

सगळ्यांचे खूप आभार. फोर्ट वर्थला एक १९६८ ची मस्टँग कूपे आहे, २८९, ऑटोमॅटिक, निळी. या शनिवारी जातोय. मार्टी रिपोर्ट आजच मागवला. सोबत चुंबक नेतोय. अजून काय बघू?

वुडवर्डकर

चुंबकावर पातळ कापड गुंडाळा, रंगाला ओरखडा नको. मागच्या चाकांवरचे पत्रे, दारांचे खालचे कोपरे, पुढच्या फेंडरचा मागचा खालचा भाग. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी.

डिकीतली चटई उचला. या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो. कडेने गंज आहे का बघा. खाली वाका आणि पुढच्या चेसिसच्या तुळयांना टॉर्च लावा, विशेषतः बॅटरीखालची बाजू. बॅटरीचं आम्ल गळून तिथला पत्रा खाल्लेला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोरच्या काचेखाली जाळी असते, आतल्या पंख्याला हवा तिथून येते. त्या जाळीखालची पन्हळ या गाड्यांत आतून गंजते, आणि ती बदलायची तर पुढचा अर्धा भाग सुटा करावा लागतो. हजारो डॉलरचं काम. बाहेरून दिसत नाही. मालकाची परवानगी घेऊन त्या जाळीवर बादलीभर पाणी हळूहळू ओता, आणि मित्राला आत डॅशबोर्डखाली, दोन्ही बाजूंना, हात लावून बसवा. पाणी फेंडरच्या मागून खाली जमिनीवर आलं तर ठीक. पायाशी ठिबकलं तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा, नाहीतर दुसरी बघा. मालक पाणी ओतू देत नसेल तर तिथूनच परत या. रविवारी इथे लिहा काय झालं ते.